एका प्रतीची पत्रिका

सुलू,

आज तुला जाऊन महिना झाला. तेराव्याची भांडी परत गेली, मंडपाचे बांबू गेले, रोह्याचे आणि नागोठण्याचे पाहुणे गेले. तुझं नाव, गाव, वय, मागे कोण कोण, हे सगळं उत्तरकार्याच्या कार्डात छापून झालंय, ते इथे परत लिहीत नाही. ते कार्डही काही खास नव्हतं. दुकानदाराने कडेने गुलाबाची फुलं लावली होती. मी म्हटलं, काढ ती, बाई मेलीय, वाढदिवस नाहीये. काढली त्याने. मग नुसत्या काळ्या अक्षरात बरं दिसलं.

मयुरी म्हणाली, नाना, आजीवर लिहा, मी टाईप करते. मी चौथी पास माणूस. पण पन्नास वर्षं शिशाचे खिळे जुळवले, एकेक अक्षर उचलून, तेही उलटं वाचून. त्यामुळे शुद्धलेखन मला मास्तरांनी नाही, खिळ्यांनी शिकवलं. बोलतो ‘नाय’, लिहितो ‘नाही’. आजवर जुळवला तो सगळा दुसऱ्यांचा मजकूर. स्वतःचा हा पहिलाच, आणि प्रूफ बघायला तू नाहीस.

रडगाणं गात नाही. मला तुझ्याशी एक भांडण पुरं करायचं आहे. दवाखान्यात शेवटच्या रविवारी, नाकात नळी असताना तू विचारलंस, “छापलंत का?” मी म्हटलं, “बघू.” तू डोळे मिटलेस. माझं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे तुला सगळ्यांत आधी कळायचं. मंगळवारी तू गेलीस. माझ्याकडून शेवटचं काय ऐकलंस, तर ‘बघू’.

भांडण कशावरून, ते वाचणाऱ्यांना सांगतो. मयुरी आमची नात. तिचा बाप, आमचा एकुलता प्रकाश, नऊ वर्षांमागे गेला. सविता त्याची बायको, आमची सून, ती आमच्याजवळच असते. मयुरीचं लग्न रोह्याच्या मुलाशी ठरलं. पत्रिकेत खाली ‘आपला नम्र’ म्हणून जिथे बोलावणाऱ्याचं नाव येतं, तिथे माझ्या नावाच्या वर सविताचं नाव घालायचं, हे तुझं म्हणणं. विधवेचं नाव त्या जागी छापत नाहीत, हे माझं. एवढंच भांडण. ज्याने कधी पत्रिका छापल्या नाहीत तो हसेल. ज्याने छापल्यात त्याला विचारा, नाव वर-खाली झालं म्हणून सख्खे भाऊ मांडवात पाठ करून बसलेले मी पाहिलेत.

आता मागचं सांगतो.

आपल्या लग्नाची पत्रिका मीच जुळवली होती. प्रेस नवी, पायाने मारायचं ट्रेडल नवं, हात शिवशिवत होते. माझ्याकडे होते नव्हते ते सगळे टाईप मी त्या एका पत्रिकेत घातले. जाड, बारीक, वळणदार, वर तीन प्रकारच्या वेली, दोन मोर, दोन हत्ती, आणि मधे गणपती. मला वाटलं, रोह्याला पोरगी पत्रिका बघून खूश होईल. लग्नानंतर चौथ्या दिवशी तू बोललीस. म्हणालीस, “पत्रिका आली तेव्हा आमच्याकडं सगळ्यांना वाटलं सर्कस आलीय गावात.” मला राग आला. मग म्हणालीस, अक्षराला बसायला जागा नको का? मी म्हटलं, कागदाला पैसे पडतात, रिकामा कशाला सोडायचा. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या झाल्यावर प्रेसमध्ये येऊन स्टुलावर बसलीस, ती पन्नास वर्षं उठली नाहीस.

तू सातवी शिकलेली, माझ्याहून तीन इयत्ता पुढे. उलटे खिळे वाचायला महिन्यात शिकलीस. पण तुझी खरी करामत हातात होती. पेणमध्ये गणपतीचे कारखाने घरोघर, रंगवणाऱ्या बाया ओळखीच्या झाल्या, त्यांच्याकडून बारीक कुंचला आणलास. माझा गणपतीचा ब्लॉक झिजून झिजून सोंडेत तुटला होता, देव शिंकल्यासारखा दिसायचा. तू ज्यांना खास पत्रिका हवी त्यांच्यासाठी हाताने गणपती काढायला लागलीस. चार रेषा आणि एक टिंब. लोक म्हणायचे, वहिनींचा गणपती पाहिजे.

सोनेरी पत्रिकेचं काम तुला आवडायचं आणि मला तेवढंच नकोसं. आधी चिकट शाईत छापायचं, मग ओलं असतानाच कापसाने सोनेरी पावडर फिरवायची, मग झटकायची. मला शिंका सुटायच्या. तू नाकाला पदर बांधून शंभर शंभर पत्रिका झटकायचीस आणि तशीच बाजारात कोथिंबीर आणायला जायचीस. भुवया सोन्याच्या. भाजीवाली म्हणायची, वहिनी, आज कुणाचं लगीन? त्यावरून ती आधीच ओळखायची गावात कोणाच्या तरी घरी मांडव पडणार ते.

धरमतरकडचे पांडूदादा आठवतात? मिठागरावर सगळी हयात गेलेला माणूस. पोरीच्या लग्नाची पत्रिका घ्यायला आले आणि म्हणाले, आमची पोर मिठावर वाढली, पत्रिकेवर मीठ दिसू दे. मी म्हटलं, मीठ कोण काढतं हो पत्रिकेवर, कलश घाला. तू म्हणालीस, बघते. जुन्या चपलेचं रबर घेतलंस, लाकडाच्या तुकड्यावर चिकटवलंस आणि ब्लेडने तीन राशी कापून काढल्यास. उरलेल्या रबराला फिकी निळी शाई. छापल्यावर निळ्या आभाळात तीन पांढऱ्या राशी, तिथे शाईच नाही, नुसता कोरा कागद. मी म्हटलं, लोक म्हणतील शाई संपली. पांडूदादांनी पत्रिका हातात घेतली, त्या राशीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “वहिनी, ह्ये पांढरं काय लावलंव?”

तू म्हणालीस, काय नाय लावलं, कागदच हाय.

तेव्हा ते म्हणाले, “मिठाचं पन तसंच हाय. आपुन काय लावीत नाय. पानी जातं आन ऱ्हातं.”

त्या दिवसापासून मी कागद रिकामा सोडायला शिकलो. तुला तसं कधी बोललो नाही. आता बोलतो.

पत्रिका छापून झाली की आपलं काम संपलं असं मी म्हणायचो. तू म्हणायचीस, पोचली की संपलं. ज्यांना लिहिता येत नाही ते पाकिटं घेऊन तुझ्याकडे यायचे, नावं घालायला. मी घातली असती तर ‘श्री. अमुक अमुक, सहकुटुंब सहपरिवार’ असं शंभर पाकिटांवर दणादण लिहून मोकळा झालो असतो. तू विचारत बसायचीस. त्या घरात म्हातारी कोण हाय? तिचं नाव काय? मुलांची आई म्हणतात ते नको, तिचं नाव सांगा. पुष्कळांना सांगता यायचं नाही. चुलतीचं, मावशीचं नाव माहीत नसायचं. मग ते घरी जाऊन विचारून यायचे. एकदा एक जण दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, वहिनी, आमच्या आजीचं नाव चंद्रभागा हाय, आम्हाला आत्ता कळलं. तू हसत बसलीस.

म्हणजे मला माहीत होतं तू कोणाच्या बाजूची. तरी प्रकाशच्या लग्नात मी घोटाळा केला.

आक्काबद्दल लिहायचं म्हणजे हात जड होतो. माझी थोरली बहीण. आई-बाप लवकर गेले. आक्का रोह्याला दिलेली, बाविसाव्या वर्षी कुंकू गेलं, मूलबाळ नाही. तिने मला रोह्याला नेलं. दुसऱ्याच्या शेतात भात लावून, कापून मला वाढवलं. शाळेत डोकं चालत नाही म्हटल्यावर तिथल्या प्रेसमध्ये कामाला लावलं. तुला शोधून काढलं तीही आक्काच, तुमची गल्ली तिच्या घरामागे. एवढं सगळं.

आणि प्रकाशच्या पत्रिकेत वडीलधारं म्हणून वर नाव कोणाचं घातलं, तर रामवाडीच्या चुलत्याचं. ज्याने मला कधी पाण्याला विचारलं नाही. कारण तो पुरुष आणि नाव घालायला कोणीतरी मोठं हवं. तू प्रूफ वाचलंस आणि म्हणालीस, वन्संचं नाव कुठाय? मी म्हटलं, घालत नाहीत. म्हणालीस, कोण घालत नाहीत? मी म्हटलं, कोणी घालत नाही, हजारो पत्रिका जुळवल्यात मी, मला शिकवू नकोस. तू म्हणालीस, तुम्हीच जुळवता म्हणून तुम्हीच घालू शकता. मी ट्रेडल सुरू केलं, म्हणजे मला ऐकू येऊ नये.

खरं सांगू, मी घाबरलो होतो. एकच पोरगा. शुभकार्यात काही कमी-जास्त व्हायला नको. पुढे काही झालं तर लोक बोट दाखवतील. तेवढ्यासाठी.

मी कागद आणायला मुंबईला गेलो होतो त्या दिवशी तू फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेला खिळ्यांचा मजकूर, उघडलास. चुलत्याचं नाव काढलंस, आक्काचं जुळवलंस, ‘श्रीमती’ लावून, आणि एक पत्रिका छापलीस. एकच. सोनेरी पावडर लावलीस. मग फर्मा होता तसा परत बांधून ठेवलास. मी मुरलेला प्रेसवाला, मला पत्ता लागला नाही, इतकं स्वच्छ काम. एसटीने रोह्याला जाऊन अक्षतांसकट ती पत्रिका आक्काच्या हातात दिलीस.

तुझं एकच चुकलं, सुलू, आणि ते प्रेसवाल्याच्या बायकोचं चुकायला नको होतं. रोह्याला त्याच गल्लीत आपल्या सात पत्रिका गेल्या होत्या. पत्रिका काय एकट्याने वाचून ठेवायची गोष्ट आहे? आक्काला वाचता येत नव्हतं. तिने शेजारणीला बोलावलं, वाच म्हणाली, माझं नाव कुठं हाय दाखव. शेजारीण स्वतःची पत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, आमच्यात तर नाय ओ तुमचं नाव.

लग्नाच्या दिवशी पेणच्या हॉलमध्ये, पाण्याच्या पिंपांपाशी आक्काने मला बाजूला घेतलं. तू शेजारी पेढ्यांचं तबक धरून उभी. तिने पिशवीतून दोन्ही पत्रिका काढल्या. एक शेजारणीची मागून आणलेली.

“दत्तू, ह्यातली खरी कुठली?”

तेव्हा मला एवढंच बोलायचं होतं की तुझं नाव हाय ती खरी. दुसरी चुकली, माझ्या हातून चुकली. माझ्या तोंडातून काय निघालं तर, “मी नाय, हिने केलंय हे. मला इचारलं पन नाय.”

तुझं तोंड उतरलं. आक्काने तुझ्याकडे पाहिलं. तुझी पत्रिका तिने परत पिशवीत घातली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

“ही तुझी. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे.”

लग्नाला ती थांबली. अक्षता टाकल्या लांबूनच. शेवटच्या पंगतीत जेवली. चारच्या गाडीने गेली. त्यानंतर दोन वर्षं जगली, पेणला आपल्या घरी परत आली नाही. मी रोह्याला जायचो तेव्हा चहा करायची, पाऊसपाण्याचं बोलायची. मला वाटायचं, आज बोलेन. पाऊसपाण्यावर निभावून यायचो.

तू अकरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. काम सगळं केलंस, जेवायला वाढलंस, तोंड बंद. बाराव्या दिवशी म्हणालीस, “मला बोललात त्याचं काय नाय. वन्संसमोर तुम्हाला एक शब्द जड झाला.” मी म्हटलं, तू मला खोट्यात पाडलंस. मग हेच भांडण आपण वीस वर्षं आलटून पालटून केलं, दर दिवाळीला, दर लग्नसराईत. आपण दोघंही आपापल्या जागी खरे होतो, असं मी म्हणायचो. आज म्हणत नाही. तुझी चूक पत्रिकेची होती, माझी माणसाची.

आणि एक गोष्ट तू कधीच बोलली नाहीस. प्रकाश डोलवीला कंपनीत शिफ्टला जायचा. एका सकाळी घरीच दात घासताना छातीत कळ आली आणि गेला. वय पंचेचाळीसही झालं नव्हतं. त्याची पत्रिका तर मी अगदी शुद्ध ठेवली होती. विधवेचं नाव नव्हतं, काही कमी-जास्त नव्हतं. मग काय झालं, असं तू मला विचारू शकली असतीस. नऊ वर्षांत केव्हाही. भांडणात तुझ्या जिभेवर ते येत असेल, मला दिसायचं, तू ओठ मिटायचीस. मी तुझ्या जागी असतो तर शंभरदा बोललो असतो. यासाठी तुझे पाय धरायला हवे होते. आपल्यात ती पद्धत नाही, बायकोचे पाय धरायची. पद्धतीने माझी फार सोय केली जन्मभर.

प्रेस तर बंदच झाली होती. ट्रेडल भंगारात गेलं तेव्हा तू बघायला आली नाहीस. मयुरीचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, आजी, आता मोबाईलवर पाठवतात, गाणं वाजतं त्यात. तू म्हणालीस, वाजू दे, कागदाची मी करते. बिछान्यात उशी टेकून, पाटावर कागद ठेवून तू कडेने भाताच्या लोंब्या काढायला बसलीस, रोह्याकडची शेतं म्हणून. लोंब्या वाकड्या झाल्या. मी म्हटलं, रेघ हललीय. तू म्हणालीस, पिकलेली लोंबी वाकतेच, तुम्ही शेतात कधी गेलात.

मजकूर लिहिलास आणि ‘आपली नम्र’ म्हणून वर सविताचं नाव. सविता बिचारी घाबरली. ती अंगणवाडीत चाळीस पोरं सांभाळते, पण घरात आवाज नाही तिचा. म्हणाली, आई, नको, उगाच नानांना त्रास, आणि सासरची माणसं काय म्हणतील मयुरीची. तू म्हणालीस, “तू गप गो. तुला इचारलं नाय मी.” मग माझ्याकडे बघितलंस. मी उठून बाहेर गेलो. तिथून दवाखाना, आणि दवाखान्यात ‘बघू’.

तू आधीच बजावून ठेवलं होतंस की तारीख हलवायची नाही. म्हणून सुतक फिटल्यावर तुझा कागद घेऊन मी रामवाडीला कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याचा बाप माझ्या वेळचा खिळे जुळवणारा, त्यामुळे मला मान देतो. त्याने मजकूर टाकला आणि म्हणाला, नाना, इथे गडबड हाय, सूनबाईंचं नाव वर आलंय, तुमचं खाली. मी पडद्याकडे बघत बसलो. माझ्या नावामागे ‘श्री.’ होतं. महिन्याभरामागे होतं तसंच. तुझ्या मरणाने त्या दोन अक्षरांना काही झालेलं नव्हतं. माझी बायको मेली आणि माझं नाव पत्रिकेतून काढायचं कोणाच्या मनातही आलं नाही. त्या पोराच्याही नाही, माझ्याही नाही. सविताचा नवरा मेला तर तिचं नाव गडबड.

इतकी साधी गोष्ट मला कळायला तू जावी लागलीस. चौथी पास.

मी म्हटलं, गडबड नाय, तसंच ठेव.

मग तळाला त्याने स्वतःच्या दुकानाचं नाव टाकलं, बारीक अक्षरात, सगळे टाकतात तसं. मीही टाकायचो. हजारो पत्रिकांच्या तळाला माझ्या प्रेसचं नाव गेलं, अलिबागपासून महाडपर्यंत. लोंब्या, गणपती, मिठाच्या राशी सगळं तुझं, आणि नाव माझं. त्याला म्हटलं, तुझ्या नावाशेजारी आणखी एक ओळ घाल. रेखाटन, सुलोचना. तो म्हणाला, ‘सौ.’ लावू की ‘कै.’? म्हटलं, काहीच नको लावू, नुसतं नाव.

गठ्ठे घरी आले. आता चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं. हे काम कायम तुझं. सविता तबक घेऊन उभी राहिली, आणि उभीच राहिली. मग म्हणाली, नाना, शेजारच्या काकूंना बोलावते, घरात सवाष्ण नाही. म्हटलं, बस खाली. मी बोट बुडवलं आणि पहिल्या पत्रिकेला कुंकू लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. फार बुडवलं, ओघळ आला लोंबीवर. सविता म्हणाली, नाना, इतकं नाही, नुसतं टेकवायचं. म्हटलं, मग दाखव कसं ते. तिने दाखवलं. डोळे पुसत होती आणि दाखवत होती. संध्याकाळपर्यंत अडीचशे झाल्या. माझ्या ओघळांच्या सात निघाल्या, त्या घरातल्या घरात देऊ.

पहिली गणपतीपुढे ठेवली. दुसरी व्याह्यांना, ती हाती द्यायची. काल मी आणि सविता एसटीने रोह्याला गेलो. नागोठण्याला सविता म्हणाली, नाना, मी बाहेर थांबू का? मी म्हटलं, बोलावणारी बाहेर थांबते होय.

व्याही शेतावर गेले होते. विहीणबाईंनी पाणी दिलं. सविताने पत्रिका आणि अक्षता त्यांच्या हातात दिल्या. बाई शिकलेल्या आहेत, वरपासून सावकाश वाचत खाली आल्या आणि थांबल्या. परत वाचलं. मग विचारलं, “हे नाव इथं घालायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?”

आवाज वाईट नव्हता, पण चांगलाही नव्हता. सविता जमिनीकडे बघत होती. मयुरीला त्याच घरात नांदायचं आहे. माझ्या तोंडाशी तुझं नाव आलं, सुलू. आजारी होती, तिची शेवटची इच्छा, मोडवली नाही, असं म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. मेलेल्या माणसाला कोण काय बोलणार? बाईंनीही मान हलवली असती आणि विषय संपला असता. मला ते बोलायची सवयही आहे.

मी म्हटलं, “माझ्या.”

मी आणखी म्हटलं, पोरीला हिने वाढवलंय, बोलावणारी हीच, मी नुसता म्हातारा म्हणून खाली आहे. त्या म्हणाल्या, “बरं.” उठून पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या. ते ‘बरं’ कसलं होतं मला कळलं नाही. माझ्या ‘बघू’सारखंही असेल. चहात मात्र साखर बरोबर होती.

मेल्यावर माणसं वर भेटतात, असं मी पुष्कळांच्या कार्डावर छापलंय, पण मानत नाही. म्हणून आक्काला अमुक सांग, तमुक सांग, असं तुला काही सांगत नाही. तिला सांगायची वेळ पाण्याच्या पिंपांपाशी होती, ती गेली.

परतीच्या गाडीत सविताला खिडकीची जागा मिळाली. बाहेरची शेतं बघता बघता ती म्हणाली, “नाना, ते डोकं तर आईंचं होतं.”

म्हटलं, “ठाऊक हाय. पन आता बोलणी खायला मीच हाय ना घरात.”

ती हसली, आणि पिशवीतून यादी काढून उद्याची घरं वाचायला लागली.